चिल्लर भाग, खोळंबलेले कारखाने

मोटारीच्या कंट्रोल युनिटमधला डायोड तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो आणि त्याच्या किमतीकडे हिशेबनीस ढुंकूनही पाहत नाही. असेच चिल्लर भाग मिळेनात म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये होंडाला मेक्सिकोतला मोटारींचा कारखाना थांबवावा लागला. नेदरलँड्स सरकारने हे भाग बनवणाऱ्या नेक्सपेरिया या चिनी मालकीच्या कंपनीच्या कारभारात हस्तक्षेप केला आणि काही दिवसांतच चीनने आपल्या देशातून बाहेर जाणारा तिचा माल अडवला. चिपची वेफर हॅम्बर्गला तयार होत असली तरी ती कापून पॅकेजिंग करण्याचे बरेचसे काम तेव्हा चीनमधल्या डोंगग्वानमध्ये चालत असे. कागदावर युरोपीय असलेला पुरवठादार त्यामुळे एका रात्रीत चिनी ठरला.

आपण यातून सुटलेलो नाही. त्याच वर्षी चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर बजाज ऑटोला विजेवर चालणाऱ्या चेतकचे उत्पादन घटवावे लागले.

अशा वेळी खापर फुटते ते खरेदी विभागावर. आमच्या मते चूक त्याच्या कितीतरी आधी, सर्किट काढतानाच झालेली असते. मागच्या बोर्डावर वापरलेला भाग डिझायनर नव्यावर तसाच उचलतो आणि भागांच्या यादीतला (बीओएम) पर्यायाचा रकाना रिकामा राहतो. दोष एकट्या डिझायनरचा नाही. नमुना लवकर हवा असतो, पर्याय तपासायला वेळ कोणी देत नाही. मायक्रोकंट्रोलर बदलणे अवघड, हे मान्य. पिना जुळल्या तरी फर्मवेअर नव्याने लिहावे लागते आणि चाचण्यांत महिने जातात. पण डायोड, रेग्युलेटर, कपॅसिटर यांच्याबाबत ती सबब चालत नाही. आयबीएमने तर प्रोसेसरसाठीही दुसऱ्या उत्पादकाचा आग्रह धरला होता. 1982 मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला तो त्यातूनच.

मात्र दोन कंपन्यांची नावे लिहून भागत नाही. दोन्हींचे पॅकेजिंग एकाच गावात होत असेल, तर तो पर्याय नावापुरताच.

केंद्राने मार्च 2025 मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी 22,919 कोटींची योजना मंजूर केली. ती हवीच होती, पण कारखाने उभे राहायला वर्षे लागतील. तोवर भोसरी-चाकणच्या उद्योजकांनी एवढे तरी करावे: प्रत्येक चिल्लर भागाचा तपासलेला पर्याय आणि दोन्हींच्या पॅकेजिंगचा देश लिहिला गेल्याशिवाय पीसीबी छपाईला पाठवू नये.