पिनबॉलचे टेबल आणि पडद्यावरची प्रतिकृती : काय उतरले, काय निसटले

१/ छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की चौदाव्या किलोमीटरच्या सुमारास चितेगाव लागते. दूरचित्रवाणी संच आणि घरगुती उपकरणे बनवणाऱ्या व्हिडिओकॉन समूहाच्या प्रमुख कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय याच गावच्या पत्त्यावर होते. १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी, भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. पुढच्या दोन दशकांत काचेच्या जाड चित्रनळीचा टीव्ही मराठवाड्याच्या घराघरांत पोहोचला आणि पिनबॉल नावाचा खेळही याच काचेतून आत आला.

२/ त्याच्या वाटा दोन होत्या. पहिली वाट टीव्ही गेमची. निन्टेंडोचा १९८४ चा ‘पिनबॉल’ अनेक खेळ कोंबलेल्या स्वस्त कॅसेटींमध्ये हमखास सापडे. दुसरी वाट संगणकाची. विंडोज एक्सपीसोबत येणारा ‘स्पेस कॅडेट’ सायबर कॅफेत आणि शाळेच्या संगणकवर्गात चोरून खेळला गेला. लोखंडी चेंडू, स्प्रिंगचा दांडा आणि काचेखालचे तिरके टेबल मात्र फार थोड्यांच्या वाट्याला आले. येथील एका पिढीने प्रतिकृती आधी पाहिली. मूळ वस्तू तिने अनेकदा पाहिलीच नाही.

३/ म्हणून हा प्रश्न केवळ हौशी खेळाडूंचा राहत नाही. चांगली संगणकीय प्रतिकृती हाती आल्यावर मूळ यंत्र जपण्याचे कारण उरते का? या धाग्याची भूमिका अशी : प्रतिकृती ही मोलाची प्रत आहे, परंतु तिला मूळ वस्तूच्या जागी बसवले तर इतिहासाचा एक संपूर्ण थर हातचा जातो.

४/ आधी यंत्राची वंशावळ. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये बिलियर्ड्सच्या टेबलावरून ‘बॅगाटेल’ हा खेळ निघाला. फळीवर खिळे ठोकून त्यांतून गोटी सोडण्याचे त्याचे धाकटे रूप महाराष्ट्रातील मुलांनाही परिचित आहे. १८७१ साली अमेरिकेतील माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बॅगाटेलच्या सुधारणांचे पेटंट घेतले. चेंडू उडवणारा स्प्रिंगचा दांडा त्यात होता. १९३१ साली गॉटलीब कंपनीचे ‘बॅफल बॉल’ आले आणि महामंदीच्या काळात एका नाण्यात मिळणारी ही करमणूक अमेरिकेच्या दुकानांतून पसरली.

५/ आज पिनबॉल म्हटले की आठवणारे फ्लिपर, म्हणजे चेंडू परत वर टोलावणारे दोन हात, त्या टेबलावर नव्हतेच. ते आले १९४७ साली, गॉटलीबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’ या टेबलावर, आणि तेही सहा. तोवर चेंडू सुटल्यावर खेळाडूच्या हाती टेबलाला धक्के देणे एवढेच उरे. त्या धक्क्यांना आवर घालण्यासाठीच १९३० च्या दशकात ‘टिल्ट’ची युक्ती निघाली. तिच्या नंतरच्या रूपात पेटीच्या आत एक लंबक टांगलेला असतो. टेबल फार हलवले की तो भोवतालच्या धातूच्या कड्याला टेकतो आणि डाव संपतो.

६/ फ्लिपर नसलेला खेळ बराचसा नशिबाचा, आणि नशिबाचा खेळ म्हणजे जुगार, या तर्काने न्यूयॉर्क शहराने १९४२ साली पिनबॉलवर बंदी घातली. महापौर ला गार्डिया यांच्या राजवटीत जप्त यंत्रे घणांनी फोडली गेली. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्या वर्षी रॉजर शार्प या तरुण पत्रकाराने नगर परिषदेसमोर प्रत्यक्ष खेळून दाखवले. दांडा सोडण्यापूर्वीच त्याने चेंडू कोणत्या वाटेने जाईल ते सांगितले आणि चेंडू तेथूनच गेला. शार्प यांनी सांगितलेल्या हकिगतीनुसार परिषदेने त्यांचे सरावाचे यंत्र नाकारून शेजारचे राखीव यंत्र निवडले होते.

७/ ही हकिगत रंजक आहेच, पण पुरावा म्हणूनही महत्त्वाची आहे. यंत्र बदलले की खेळ बदलतो, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. आधुनिक टेबल साधारण साडेसहा अंशांनी कललेले असते आणि चेंडूचे वजन सुमारे ८० ग्रॅम. पायाचा स्क्रू थोडा फिरवला की चेंडूचा वेग बदलतो. फ्लिपरला ओढणारी तांब्याची कॉइल तासाभराच्या खेळाने तापते आणि फटका मंदावतो. रबराचे कडे जुने होऊन ताठरते, फळीवरचे मेण झिजते. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेली दोन टेबले दहा वर्षांनी दोन वेगळ्या स्वभावांची झालेली असतात.

८/ आता प्रतिकृतीकडे. तिच्यात दोन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात आणि वादात त्यांची नेहमी गल्लत होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून टेबलांत संगणकीय चिप आल्या. त्या चिपमधील आज्ञावली जशीच्या तशी उतरवून ‘पिनमेम’सारख्या साधनावर चालवता येते. गुण कसे मिळतात, कोणता दिवा कधी लागतो, कोणता आवाज कधी येतो हे सारे येथे अस्सल असते. चेंडूची धाव मात्र तशी उतरवता येत नाही. २००० साली आलेल्या ‘व्हिज्युअल पिनबॉल’सारख्या साधनात घर्षण, उसळी आणि फ्लिपरची ताकद यांचे आकडे कोणीतरी अंदाजाने भरलेले असतात.

९/ शिलालेखाच्या अभ्यासकाला हा भेद चटकन उमगेल. ओल्या कागदावर शाईने घेतलेला ठसा अक्षरे नेमकी देतो. दगड कोणता, तो कोणत्या भिंतीत होता, छिन्नी किती खोल गेली, हे ठशावरून पुरते कळत नाही. ठसा खोटा नसतो. तो एका थराबद्दल खरा असतो. पिनबॉलच्या प्रतिकृतीत नियमांचा थर ठशासारखा आहे आणि चेंडूची गती हे भाष्यकाराचे भाष्य आहे. चिपपूर्वीच्या, रिले आणि तारांवर चालणाऱ्या टेबलांच्या बाबतीत तर नियमही कोणीतरी नव्याने लिहून काढलेले असतात. टेबल जितके जुने, तितके भाष्य अधिक.

१०/ प्रत जपावी की मूळ, हा वाद या जिल्ह्याला नवा नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. त्यांतील बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या; त्यांपैकीही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. मूळ चित्रे मात्र झिजत का होईना, भिंतीवर राहिली. तरीही वाचलेल्या प्रतींमध्ये आज भिंतीवरून गळून गेलेले तपशील दिसतात. दोन्ही लागतात, आणि दोन्ही नाशवंत असतात.

११/ डिजिटल प्रत अमर असते हा समज म्हणून तपासून घ्यावा. ‘स्पेस कॅडेट’ विंडोज व्हिस्टामध्ये आला नाही. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी त्याचे कारण नोंदवले आहे : ६४ बिटच्या रूपांतरात चेंडू टेबलावरच्या वस्तूंमधून आरपार जाऊ लागला आणि इतरांनी लिहिलेल्या त्या जुन्या आज्ञावलीतील दोष वेळेत सापडला नाही. ‘पिनबॉल आर्केड’ या संचातील विल्यम्स आणि बॅली यांची टेबले २०१८ च्या जूनअखेर विक्रीतून उठली, कारण परवान्याची मुदत संपली. लोखंडी टेबल परवाना संपला म्हणून अदृश्य होत नाही.

१२/ दुसरी बाजूही तोलामोलाची आहे. खरे टेबल महाग, अवजड आणि सतत देखभाल मागणारे असते. सायबर कॅफेत तासाला काही रुपये मोजणाऱ्या मुलाला प्रतिकृतीनेच हा खेळ दिला, आणि ‘खरा पिनबॉल तू खेळलाच नाहीस’ असे त्याला सुनावणे उर्मटपणाचे ठरेल. ‘स्पेस कॅडेट’ला तर यांत्रिक मूळच नव्हते, ते टेबल पडद्यासाठीच रचले गेले. मराठवाड्यातील पिनबॉलचा इतिहास लिहायचा झाला तर ही प्रतिकृतीच त्याचे अस्सल साधन ठरेल.

१३/ आणि येथेच चितेगावकडे परत यावे लागते. प्रतिकृतीलाही शरीर होते : काचेची चित्रनळी. याचा पुरावा ‘डक हंट’ या खेळाच्या बंदुकीत मिळतो. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो टिपे. ही सारी वेळ चित्रनळीच्या गतीवर बेतलेली होती. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते आणि ती बंदूक निकामी ठरते. कॅसेट जपली, बंदूक जपली, पण टीव्ही भंगारात गेला, तर खेळ गेला.

१४/ व्हिडिओकॉनची दिवाळखोरी प्रक्रिया २०१८ साली सुरू झाली. चित्रनळीचे टीव्ही त्याआधीच घरांतून बाहेर पडू लागले होते. गड, लेणी, नाणी यांच्यासाठी धावणारी तरुण मंडळी या यंत्रांकडे अजून वारसा म्हणून पाहत नाहीत. शंभर वर्षांचे झाल्यावर पाहू, असे म्हणण्याची सोय येथे नाही, कारण यंत्राबरोबर ते दुरुस्त करणारे हातही जातात. कोणती कॉइल किती तापली की काढायची, चित्रनळीचा रंग कशाने फाटतो, हे ज्ञान कुठल्याही चिपमध्ये साठवलेले नाही.

१५/ करण्याजोगे बरेच आहे आणि ते फार खर्चिक नाही. महाविद्यालयाच्या इतिहास विभागात एक चित्रनळीचा टीव्ही चालू स्थितीत ठेवता येईल. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या वयस्क कारागिरांच्या मुलाखती, त्यांचे हात कॅमेऱ्यात दिसतील अशा रीतीने, नोंदवता येतील. कारखान्यांत राबलेल्या कामगारांच्या आठवणी गावोगावी आहेत. प्रतिकृती करणाऱ्यांनीही आपण कोणते आकडे मोजले आणि कोणते अंदाजाने भरले हे लिहून ठेवावे. ठशाखाली तो कोणी, कधी, कोणत्या दगडावरून घेतला हे लिहिण्याची शिस्त पुरालेखतज्ज्ञांनी केव्हाच लावून घेतली आहे.

१६/ पुढच्या वेळी भंगारवाल्याच्या गाड्यावर काचेचा पोटाळ टीव्ही दिसला, तर त्याच्या मागच्या बाजूचा कागद वाचावा. मॉडेलचा क्रमांक, बनवल्याचे वर्ष आणि कारखान्याचा पत्ता तेथे छापलेला असतो. किमान त्याचे छायाचित्र तरी घ्यावे.