विश्लेषण : हजारांचा डॅक, लाखांचा डॅक... कानाला फरक किती?

घरात चांगली स्टिरिओ यंत्रणा लावायची म्हटले की पूर्वी चर्चा स्पीकर आणि अॅम्प्लिफायरपाशी संपायची. आता लॉसलेस संगीत मोबाइलवरच मिळू लागल्याने खरेदीच्या यादीत डॅक, स्ट्रीमर, ‘मास्टर क्लॉक’, ‘ऑडिओफाइल’ केबल अशी नवी नावे आली आहेत. एकच काम करणारा डॅक काही हजारांत मिळतो आणि काही लाखांतही. किमतीतला हा शंभरपट फरक आवाजात किती उतरतो?

डॅक आणि स्ट्रीमर नेमके काय करतात?

डिजिटल संगीत म्हणजे आकड्यांची माळ. सीडीमध्ये दर सेकंदाला प्रत्येक चॅनलसाठी ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा १६ बिटचा असतो. स्ट्रीमर हे आकडे इंटरनेटवरून किंवा घरातल्या हार्ड डिस्कवरून आणतो. डॅक, म्हणजे डिजिटल-टू-अॅनलॉग कन्व्हर्टर, त्यांचे विद्युत लहरीत रूपांतर करतो. अॅम्प्लिफायर ती लहर मोठी करतो आणि स्पीकर तिचा आवाज करतो.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. डॅक प्रत्येकाकडे आधीपासूनच असतो. टीव्हीत असतो, लॅपटॉपमध्ये असतो, ब्लूटूथ स्पीकरमध्येही असतो. त्यामुळे खरेदीआधीचा प्रश्न ‘डॅक हवा का’ असा नसून ‘आहे त्यापेक्षा वेगळा कशासाठी’ असा असायला हवा.

सीडीचा दर्जा पुरेसा की ‘हाय-रेझ’ हवे?

सीडी १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली, तेव्हा तिचे आकडे सहज ठरवलेले नव्हते. सॅम्पलिंगच्या सिद्धान्तानुसार ज्या कंप्रतेपर्यंतचा आवाज हवा, तिच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घ्यावे लागतात. ४४.१ किलोहर्ट्झने सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येतो. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि वयानुसार ती खाली येत जाते. १६ बिटमुळे सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर ठेवता येते. शहरातल्या शांत म्हणाव्या अशा खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास गोंगाट असतोच. म्हणजे हे अंतर घरात पूर्ण वापरलेही जात नाही.

मग २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ कशासाठी? ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करताना जादा बिट उपयोगी पडतात, कारण तिथे आवाजाची पातळी वारंवार बदलावी लागते. ऐकताना मात्र मूळ ध्वनिमुद्रणाच्या पलीकडे काही मिळत नाही. जुन्या मैफलींच्या चुंबकीय फितींचा आवाका साधारण ६० ते ७० डेसिबलचा असायचा. अशी मैफल ‘हाय-रेझ’ फाइलमध्ये आली तरी फितीवर नसलेला तानपुरा त्यात उमटणार नाही. जुनी फीत काळजीपूर्वक स्वच्छ करून पुन्हा उतरवली असेल, तर फरक नक्की ऐकू येईल. त्याचे श्रेय मात्र उतरवणाऱ्याच्या मेहनतीला जाते, बिटच्या संख्येला नाही.

प्रयोग काय सांगतात?

अमेरिकेतील ‘ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटी’च्या नियतकालिकात २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. श्रोत्यांना उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला गेला. कोणता कोणता, हे सांगितले नव्हते. ५५४ वेळांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळपास नाणेफेकीइतकीच.

दुसरी बाजूही पाहायला हवी. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले. ते केवळ योगायोगाचे नव्हते आणि प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये ते वाढत होते. थोडक्यात, फरक शून्य नाही. पण तो ओळखायला सराव लागतो. ‘पडदा दूर झाल्यासारखे वाटते’ ही विक्रेत्याची भाषा त्याला शोभत नाही.

मग महाग डॅकमध्ये पैसे कशाचे?

काही कंपन्या तयार चिप वापरत नाहीत. ब्रिटनमधील डीसीएस आणि कॉर्ड या कंपन्या रूपांतराचे काम स्वतःच्या रचनेने करतात. त्यात संशोधन आहे, उत्तम वीजपुरवठा आहे आणि जड अॅल्युमिनियमची पेटीही आहे. मात्र तयार चिप इतक्या सुधारल्या आहेत की स्वस्त डॅकचा अंगभूत गोंगाट आणि विकृतीही कानाच्या मर्यादेखाली गेली आहे. अॅपलचा हेडफोनसाठीचा छोटा अॅडॉप्टर अमेरिकेत नऊ डॉलरला मिळतो. तोही एक डॅकच आहे आणि स्वतंत्र मोजमापांत त्याची कामगिरी चांगली ठरली आहे. त्याची मर्यादा म्हणजे ताकद कमी आहे.

डॅकमध्ये खरे फरक असतात ते इथे : आउटपुटचे व्होल्टेज, संगणकाला जोडल्यावर येणारी घरघर, जोडण्यांची संख्या, रिमोट आणि दुरुस्तीची सोय. काही डॅक मुद्दाम वेगळे वाजतात. ओव्हरसॅम्पलिंग न करणारे डॅक सीडीच्या दर्जाचे संगीत वाजवताना २० किलोहर्ट्झपाशी आवाज सुमारे ३ डेसिबलने खाली आणतात. तो आवाज कोणाला ‘मऊ’ वाटतो. ही आवड झाली, अचूकता नव्हे. आवडीसाठी पैसे मोजायला हरकत नाही. आपण कशासाठी मोजतो आहोत हे ठाऊक असावे.

‘एमक्यूए’चा धडा काय?

एमक्यूए हे ‘स्टुडिओचा दर्जा छोट्या फाइलमध्ये’ असा दावा करणारे तंत्र होते. त्याचा पूर्ण लाभ घ्यायला परवाना असलेला डॅक लागायचा. अनेकांनी केवळ त्या शिक्क्यासाठी नवी यंत्रे घेतली. एप्रिल २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पुढे ती कॅनडातील लेनब्रुकने घेतली. या तंत्राचा मोठा आधार असलेल्या टायडलने २०२४ मध्ये ते सोडून सर्वांना खुला असलेला ‘फ्लॅक’ स्वीकारला. यंत्र घेताना एका कंपनीच्या मर्जीवर चालणारी सोय हा गुण धरू नये. स्ट्रीमरचेही तसेच आहे : अॅपचे अपडेट थांबले की चांगला स्ट्रीमरही निरुपयोगी होतो. म्हणून डॅक आणि स्ट्रीमर वेगळे असलेले बरे.

दुकानात तुलना कशी करावी?

दोन यंत्रांच्या आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्यावी. अर्ध्या डेसिबलचा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून कळत नाही, तो ‘चांगला आवाज’ म्हणून कळतो. महाग यंत्र किंचित जोरात लावले की तुलना तिथेच संपते. मल्टिमीटर असेल तर एकच चाचणी स्वर वाजवून दोन्ही आउटपुटचे व्होल्टेज जुळवावे. मग कोणते यंत्र चालू आहे हे न पाहता, माहितीचे गाणे किमान दहा-बारा वेळा ऐकावे. निम्म्याच वेळा ओळखता आले, तर स्वस्त यंत्र घ्यावे.

पैसे कुठे घालावेत?

चांगल्या डॅकची विकृती टक्क्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. स्पीकरची, विशेषतः खर्जात, टक्क्याच्या घरात जाऊ शकते. त्याहून मोठा दोष खोलीचा. दहा फूट लांबीच्या खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतींमध्ये घुमत राहतो. कुठे डग्गा फुगतो, कुठे गायब होतो. उघड्या भिंती आणि गुळगुळीत टाइल्स असलेल्या आपल्या हॉलमध्ये जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचे कपाट आणि भिंतीपासून थोडे पुढे ओढलेले स्पीकर जे करतात, ते लाखाचा डॅक करू शकत नाही.

म्हणून क्रम साधा ठेवावा : आधी खोली, मग स्पीकर, मग त्यांना पेलणारा अॅम्प्लिफायर आणि उरलेल्या पैशांत स्वच्छ मोजमापांचा डॅक. विक्रेत्यांनीही विशेषणांऐवजी मोजमापांचे आकडे आणि घरी ऐकून पाहण्याची मुभा द्यावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद आहे. पण ‘हा फरक न बघता ओळखून दाखवा’ असे काउंटरवरच विचारणारा ग्राहक अधिक परिणामकारक ठरेल.