पैसे देऊ नका, परवाना मागा

गोंदिया जिल्ह्यातील आई-वडिलांनो, तरुण मुला-मुलींनो,

धानाची मळणी आटोपते, चुकाऱ्याचे पैसे खात्यात येतात. घरात चार पैसे असतात आणि बांधीवर काम नसल्यामुळे मुलगा रिकामा असतो. अशाच वेळी कोणीतरी दारात येतो, नाहीतर फोन करतो. "सिक्युरिटी गार्डची नोकरी लावून देतो. नागपूर, पुणे, हैदराबाद, म्हणाल तिथे. राहणं-जेवण कंपनीचं. फक्त गार्डचं सरकारी लायसन्स काढावं लागेल, तेवढे पैसे आधी द्या."

थांबा. तो पैसा देऊ नका.

एक गोष्ट आजच मनात पक्की करा. खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, २००५ प्रमाणे परवाना लागतो तो एजन्सीला. रक्षकाची नोकरी करणाऱ्याला वेगळा परवाना काढावाच लागत नाही. जे अस्तित्वातच नाही, ते विकणारा तुम्हाला लुबाडतो आहे. एजन्सीची सरकारी फीसुद्धा ऐकून ठेवा. एका जिल्ह्यासाठी ५ हजार रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १० हजार, अख्ख्या राज्यासाठी २५ हजार. हा परवाना पाच वर्षं चालतो आणि तो काढणं मालकाचं काम आहे. त्याचा भार तुमच्या मुलावर का?

म्हणून आधी विचारा. परवाना कुठे आहे? कायद्यानं तो कार्यालयात दर्शनी भागात लावावाच लागतो. जा आणि डोळ्यांनी बघा. नाव वाचा, मुदत वाचा, कोणत्या जिल्ह्यांसाठी आहे ते वाचा. मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या. जो टाळाटाळ करेल, "नंतर दाखवतो" म्हणेल, त्याला तिथूनच नमस्कार करा. परवान्याशिवाय हा धंदा चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, २५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा माणसाच्या भरवशावर आपलं लेकरू परमुलखात पाठवू नका.

पैसे गेले तर ते पुन्हा कष्टानं उभे करता येतील. पण मुलगा अनोळखी शहरात गेला, तिथे ना नेमणूकपत्र, ना ओळखपत्र, ना पगाराची पावती, आणि दहावीची मूळ मार्कशीट दुसऱ्याच्या कपाटात अडकलेली, तर त्या आईनं कोणाकडे जायचं? बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेला दागिना गहाण पडला असेल, तर घरानं तोंड कुठे दाखवायचं?

हे टाळणं तुमच्या हातात आहे. मूळ कागदपत्रं कोणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या. नेमणूकपत्र मागा. फोटो असलेलं ओळखपत्र मागा, ते देणं एजन्सीवर बंधनकारक आहे. पगार बँकेत येईल का, पीएफ आणि ईएसआय कापलं जाईल का, गणवेशाचे पैसे कोण भरणार, हे निघण्याआधी विचारा. लाजू नका. हक्काचं विचारायला लाज कसली?

आता रक्षक होण्यासाठी खरोखर काय लागतं ते ऐका. तुम्ही भारताचे नागरिक असायला हवं. वय १८ ते ६५ च्या दरम्यान हवं. चारित्र्य चांगलं हवं. त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. तो अर्ज तुमचा तुम्ही करा, मधला माणूस नको. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँकेचं पासबुक एका पिशवीत नीट ठेवा. तब्येत धडधाकट हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रशिक्षण. केंद्राच्या नमुना नियमांत ते १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, असं किमान २० कामाच्या दिवसांचं आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी ते थोडक्यात होतं. दोन दिवसांत सर्टिफिकेट हातात ठेवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हे प्रशिक्षण उगाच ठेवलेलं नाही. २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे गोंदिया शहरातल्या एका हॉटेलला आग लागली आणि सात जणांचा जीव गेला. ९ जानेवारी २०२१ ला, मध्यरात्र उलटल्यावर, आपल्याच जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, नवजात बाळांचा कक्ष पेटला. दहा बाळं गेली. सात वाचली. मदतीला धावलेल्यांत रुग्णालयाचे सुरक्षा रक्षकही होते. रात्री दोन वाजता सगळं गाव झोपलेलं असतं, तेव्हा फाटकावर जागा असतो तो रक्षक. लाल सिलिंडरची पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या शेंड्यावर न मारता आगीच्या बुडाशी धरायची, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची, हे त्याच्या हाताला सवयीचं असायला हवं. ते नुसत्या गणवेशानं येत नाही.

म्हणून राईस मिलवाल्यांनो, दवाखानेवाल्यांनो, शाळा-कॉलेजच्या संस्थाचालकांनो, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे. स्वस्तात माणूस मिळतो म्हणून बिनपरवाना एजन्सी घेऊ नका. करार करण्याआधी परवाना मागा. रक्षकांची प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं मागा. तुमच्या फाटकावर बारा-बारा तास उभ्या असलेल्या माणसाला किमान वेतन मिळतं का, हे एकदा त्यालाच विचारा. तो तुमच्या घराची, तुमच्या रुग्णांची, तुमच्या विद्यार्थ्यांची राखण करतो. त्याच्या घराची राखण तुम्ही करा.

निवृत्त जवानांनो, निवृत्त पोलीसदादांनो, तुमच्याकडे शिस्त आहे आणि अनुभवही आहे. चौघे एकत्र या आणि एका जिल्ह्याचा परवाना काढा. अर्ज राज्याच्या नियंत्रक अधिकाऱ्याकडे, गृह मंत्रालयाच्या 'पसारा' पोर्टलवरून करता येतो. पोलिसांकडून चौकशी होते आणि ६० दिवसांत निर्णय देण्याची तरतूद कायद्यात आहे. आपल्या पोरांना आपल्याच जिल्ह्यात, सन्मानानं काम द्या.

सरपंचांनो, पोलीस पाटलांनो, बचत गटाच्या ताईंनो, पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. सालेकसा-देवरीच्या जंगलातल्या टोल्यापर्यंत ही गोष्ट पोचवा. ज्या घरात मोबाइल आहे पण वाचणारं कोणी नाही, तिथे स्वतः जाऊन सांगा. गावात नोकरीवाला एजंट आला, तर एकट्या पोराला त्याच्यासमोर बसवू नका. चार माणसं बसा, कागद मागा, पोलीस ठाण्यात विचारा.

आणि ज्यांनी पैसे आधीच दिले आहेत, त्यांनी गप्प राहू नये. तुमचा गुन्हा नाही. फोनवरून पैसे गेले असतील तर आता, या क्षणी १९३० ला फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. मुलाला कुठे डांबून ठेवलं असेल, धमकावलं असेल, तर ११२ लावा. पावती, मेसेज, फोन नंबर, काहीही पुसू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. तुम्ही बोललात तर शेजारच्या गावातलं घर वाचेल.

गोंदियाची पोरं कष्टाला मागे हटणारी नाहीत. त्यांना नोकरीला जरूर पाठवा, अभिमानानं पाठवा. पण आधी परवाना बघा, मग कागदांची झेरॉक्स द्या, आणि नोकरीसाठी पैसा कोणालाही देऊ नका. हे आज संध्याकाळी घरात सांगा. उद्या शेजाऱ्याला सांगा.