संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

गुजरातच्या किनाऱ्यावर वाडिनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. वर्षाला सुमारे दोन कोटी टन खनिज तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता असून देशभरातील हजारो पेट्रोलपंप या कंपनीच्या नावाने चालतात. जुलै २०२५ मध्ये या कंपनीवर एक विलक्षण प्रसंग ओढवला. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टची सुमारे ४९ टक्के भागीदारी असल्याने युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध लादले. त्यानंतर चारच दिवसांनी मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. पैसे मोजून परवाने घेतलेले असतानाही स्वतःचीच माहिती आणि साधने वापरता येईनाशी झाली, असे सांगत कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या आणि वृत्तपत्रांच्या दृष्टीने विषय संपला.

परंतु विषय संपलेला नाही. या कंपनीने भारताचा कोणताही कायदा मोडलेला नव्हता. भारत सरकारने किंवा भारतीय न्यायालयाने तिच्याविरुद्ध आदेश दिलेला नव्हता. निर्बंध युरोपचे, सेवा थांबवणारी कंपनी अमेरिकेची आणि ठप्प झाले ते भारतातील कामकाज! रोसनेफ्टविषयी कोणाचे काहीही मत असो, भारतात काय चालावे आणि काय थांबावे हे भारताबाहेरच्या एखाद्या कार्यालयातून ठरू शकते, हे त्या आठ दिवसांनी दाखवून दिले. आज एका खासगी कंपनीचे ई-टपाल थांबले. उद्या जिल्हाधिकारी कार्यालयाचे, रुग्णालयाचे किंवा न्यायालयाचे थांबले तर कोणाच्या दारात जायचे?

ही अगतिकता कशी निर्माण झाली हे समजून घ्यायचे तर सॉफ्टवेअरच्या व्यवहाराचे स्वरूप पाहिले पाहिजे. दुकानातून खुर्ची विकत घेतली की ती घेणाऱ्याची होते. ती मोडली तर शेजारचा सुतार दुरुस्त करतो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र ग्राहकाच्या हाती पडतो तो केवळ वापराचा परवाना. ज्या मूळ संहितेवर, म्हणजे सोर्स कोडवर, ते सॉफ्टवेअर चालते ती ग्राहकाला दिसत नाही. त्यामुळे आत काय चालले आहे हे त्याला तपासता येत नाही, बिघाड झाला तर दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेता येत नाही. परवान्याच्या अटी कंपनी ठरवते आणि त्या बदलण्याचा अधिकारही स्वतःकडेच ठेवते.

या व्यवस्थेला पहिले तात्त्विक आव्हान अमेरिकेतूनच मिळाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवण्याचे, त्याची संहिता अभ्यासून बदलण्याचे, त्याच्या प्रती इतरांना देण्याचे आणि बदललेली आवृत्तीही वाटण्याचे अशी चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्याला असली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. येथे 'मुक्त' याचा अर्थ 'फुकट' असा नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकता येते, त्यावर व्यवसायही उभा राहतो. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढे जगभरातील हजारोंच्या हातांनी तो वाढला. आज जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील यंत्रे लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तोच गाभा आहे. ही काही चार ध्येयवेड्यांची हौस उरलेली नाही.

उलट बाजूस, एकाच कंपनीच्या मर्जीवर विसंबण्याची किंमतही दिसून आली आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार काढून घेतला. नव्या आवृत्तीला लागणारे सुरक्षा घटक नसलेले असंख्य संगणक धडधाकट असूनही अडगळीत टाकायचे की पैसे भरून मुदत वाढवायची, असा पेच शाळा आणि छोट्या कार्यालयांपुढे उभा राहिला. यंत्र आपले, वीज आपली, छप्पर आपले. पण त्या यंत्राचे आयुष्य ठरवणारे पंचांग मात्र दुसऱ्याचे!

मराठी माणसाला हा धोका नवा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. व्यापाराने राज्याची भरभराट होते म्हणून सावकारांचे रक्षण करावे, असे सांगणारा तोच ग्रंथ फिरंगी, इंग्रज, वलंदेज हे इतर सावकारांसारखे नव्हेत, असा इशारा देतो. त्यांना व्यापार करू द्यावा, पण वखारीसाठी समुद्रकिनाऱ्यावर जागा देऊ नये. कारण आरमार आणि तोफा हे त्यांचे बळ असून किनारा मिळाला की ते वखारीचा किल्ला करतील. या सल्ल्यात परक्याचा द्वेष नाही आणि व्यापाराला विरोधही नाही. व्यापाराची सीमा कोठे संपते आणि सत्तेची कोठे सुरू होते, याची ती अचूक जाण आहे. संगणकयुगातील वखारी दगडमातीच्या नाहीत, एवढाच काय तो फरक.

स्वातंत्र्योत्तर भारतानेही ही जाण एकदा दाखवली होती. ऐंशीच्या दशकात भारताला हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. त्या नकारातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची उभारणी झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' साकार झाला. नाकारले गेल्यावर देश जागा झाला. आज अडचण अशी आहे की, कोणी काही नाकारत नाही. सर्व काही स्वस्तात, प्रसंगी फुकट, हातात आणून दिले जाते आणि सवय लागल्यावर परतीची वाट बंद होते.

परतीची वाट बंद होणे म्हणजे काय, हे मराठी मुद्रणव्यवसायाला पक्के ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा प्रत्येक सॉफ्टवेअरची अक्षरांची मांडणी वेगळी होती. एकात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. ग्रंथ, नियतकालिकांचे अंक, संस्थांची इतिवृत्ते यांच्या किती फायली तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर कालबाह्य होताच वाचता न येण्याजोग्या झाल्या, याची गणती नाही. ताम्रपट हजार वर्षांनी वाचता येतो, मोडीतील दफ्तर तीनशे वर्षांनी वाचता येते. पण पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर लिहिलेले मराठी वाचायला जाणकार शोधावा लागतो, ही केवढी विटंबना!

या कोंडीतून सुटका झाली ती युनिकोडमुळे. युनिकोडची सूत्रे हलवणाऱ्या संस्थेत बड्या कंपन्यांचाच भरणा आहे, हे खरे. परंतु तिचे प्रमाण प्रसिद्ध आहे, कोणालाही ते मोफत वाचून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये वापरता येते. म्हणूनच आज एका फोनवर लिहिलेले मराठी जगातील कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसते. खुल्या प्रमाणाचे महत्त्व याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारण राज्याचा कारभार कोणत्या शब्दांत चालतो ही बाब त्यांनी गौण मानली नाही. आज कारभाराची कागदपत्रे कोणत्या स्वरूपात साठवली जातात, ही बाब तितकीच महत्त्वाची आहे.

आता सरकारी धोरणाकडे वळू. या विषयात भारताची कागदावरची कामगिरी अनेक प्रगत देशांना मागे टाकणारी आहे, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर २००४ मधील अध्यादेशाने सॉफ्टवेअरच्या पेटंटसाठी दार किलकिले केले होते. २००५ मध्ये संसदेने ती तरतूद वगळली आणि संगणक आज्ञावली ही स्वतःहून पेटंटयोग्य नाही हे तत्त्व कायम राखले. मायक्रोसॉफ्टने पुढे केलेल्या दस्तऐवज-स्वरूपाला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा देण्याचा प्रश्न आला तेव्हा भारताने २००७ मध्ये विरोधी मत दिले आणि २००८ मध्येही ते बदलले नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणांचे धोरण आले. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. निविदा काढताना ओपन सोर्स पर्यायाचा विचार झाला पाहिजे आणि तो वगळायचा तर कारण दिले पाहिजे, असे ते धोरण सांगते. भिन्न विचारांच्या सरकारांच्या काळात हे निर्णय झाले, म्हणजे या प्रश्नावर पक्षभेद आड येत नाहीत.

उणीव आहे ती अंमलबजावणीची. धोरण सक्तीचे नसेल आणि त्याचा हिशेब मागणारा कोणी नसेल, तर 'विचार केला, योग्य वाटले नाही' एवढे एक वाक्य सरकारी टिपणीत पुरेसे ठरते. तालुक्याच्या ठिकाणच्या कार्यालयात आजही अर्जाचा नमुना एका विशिष्ट कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच नीट उघडतो आणि शाळेतील 'संगणक शिक्षण' म्हणजे त्याच कंपनीच्या उत्पादनांचा सराव असतो. शासन अशा रीतीने एका खासगी व्यापाऱ्याचा बिनपगारी विक्रेता बनते.

हे बदलणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. त्या राज्यात सत्तेवर आलेल्या आघाड्यांशी राष्ट्रवादी विचारांचे मतभेद जगजाहीर आहेत. तरीही चांगली गोष्ट चांगली म्हणण्याचे औदार्य असले पाहिजे. तेथील सरकारी शाळांनी दोन दशकांपूर्वीच मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले, शिक्षकांना प्रशिक्षण दिले, मल्याळमसह आपल्या गरजांनुसार संगणक प्रणाली घडवून घेतली आणि सरकारे बदलली तरी तो उपक्रम सोडला नाही. याउलट जर्मनीतील म्युनिक शहराचा धडा आहे. तेथील नगरपालिकेने २००३ मध्ये सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरवले, काम बहुतांशी पूर्णही केले. पण राजकीय नेतृत्व बदलताच २०१७ मध्ये माघारीचा निर्णय झाला. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचा निश्चय जाहीर केला. तंत्रज्ञान सर्वत्र तेच होते. फरक पडला तो राजकीय इच्छाशक्तीच्या सातत्याने.

येथे स्वदेशीच्या पाठीराख्यांनीही एक गोष्ट मोकळेपणाने ध्यानात घ्यायला हवी. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे ई-टपाल तामिळनाडूतील झोहो या भारतीय कंपनीच्या प्रणालीवर नेण्यात आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनीही स्वतः झोहोचा स्वीकार केल्याचे जाहीर केले. एका भारतीय उद्योगाने गावात राहून जागतिक दर्जाचे सॉफ्टवेअर घडवावे ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परदेशी निर्बंधांची टांगती तलवार यामुळे निश्चित दूर होते. परंतु हे सॉफ्टवेअरही खासगी मालकीचे, बंदिस्त संहितेचे आहे. आजचा भारतीय मालक उद्या कंपनी विकू शकतो, दर वाढवू शकतो, धोरण बदलू शकतो. मालक बदलला म्हणून कुलूप उघडत नाही. भारतीय कंपनीकडून सेवा अवश्य घ्यावी, मात्र माहिती खुल्या स्वरूपात असावी आणि शासनासाठी घडवलेली संहिता शासनाच्या ताब्यात असावी, या अटींवर घ्यावी. अशा अटी मान्य करणे भारतीय उद्योगाला जड जाण्याचे कारण नाही. त्या मान्य करण्यातच त्याचे वेगळेपण सिद्ध होईल.

संहिता उघडी ठेवली तर चोरांना वाट मिळेल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही दोष निघतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकातील दोषाने जगभर धावपळ उडाली होती. पण तो दोष कोणालाही तपासता आला आणि आपल्यापुरता दुरुस्तही करता आला. बंदिस्त घरात चोर शिरला तर मालकाने सांगितल्यावरच भाडेकरूला कळते. 'आरोग्य सेतू'विषयी शंका व्यक्त झाल्या तेव्हा सरकारने मे २०२० मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची संहिता खुली केली. विश्वास असाच कमावला जातो. अर्थात मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे खर्च नाही, हा भ्रमही सोडला पाहिजे. परवान्यांवरील पैसा वाचला तर तो देखभालीवर आणि येथील अभियंत्यांवर खर्च करावा लागेल. तो पैसा निदान देशातच राहील आणि देशातच कौशल्य निर्माण करील.

म्हणून शासनाने कोणतेही सॉफ्टवेअर घेताना तीन साधे प्रश्न विचारावेत. आत काय आहे हे आपल्या माणसांना तपासता येईल काय? पुरवठादार उद्या गेला तर काम चालू राहील काय? आपली सर्व माहिती घेऊन दुसरीकडे जाता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे निविदेत सक्तीची करावीत, ओपन सोर्स पर्याय नाकारल्याची कारणे जनतेसमोर ठेवावीत आणि शाळांतून उत्पादनाऐवजी संगणकशास्त्र शिकवावे. महाराष्ट्राने तर यात पुढाकार घेतला पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या भाषेतील शासनाचा प्रत्येक दस्तऐवज शंभर वर्षांनीही, कोणाच्या परवानगीविना, वाचता येईल अशी व्यवस्था करणे हे त्या दर्जाला शोभणारे काम ठरेल.

वाडिनारच्या कारखान्यावर आलेले संकट आठ दिवसांत टळले, कारण ते एका कंपनीपुरते होते आणि समोरच्याला माघार घेणे सोयीचे वाटले. पुढच्या वेळी ते सोयीचे वाटेलच, याची हमी कोण देणार? टोपीकरांना किनाऱ्यावर जागा देऊ नये हा सल्ला लिहून ठेवला गेला होता, पण तो पाळला गेला नाही; त्याचे परिणाम इतिहासाने पाहिले. २०१० आणि २०१५ ची धोरणेही लिहून ठेवलेलीच आहेत. ती पाळायची की नाही, हा निर्णय आज आपल्याच हाती आहे. किल्ली एकदा हातातून गेली की हा निर्णयही हातात राहणार नाही.