पटावर हजर, फडात हजर

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने रोख फिरवला. मुलाला शाळेत घालणे पालकाचे कर्तव्य, असे कलम 10 म्हणते. पण ते चुकले तर शिक्षा सांगत नाही. हजेरीची जबाबदारी शासन आणि स्थानिक प्राधिकरणावर आली.

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल लग्नात नाहीतर दवाखान्यात केव्हाच संपलेली असते, आणि ती फिटेपर्यंत फड सुटत नाही. दहा वर्षांची पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? तीही ट्रकमध्ये चढते. पहाटे आईबाप तोडीला गेले की कोपीपाशी धाकट्याला कडेवर घेऊन पाणी भरायचे, भाकरी थापायची, दुपारी फडात वाढे गोळा करायचे. गावच्या पटावर तिचे नाव असतेच. तिच्या बापाला दंड केला, तर तो भरायलाही मुकादमापुढेच हात पसरावा लागेल.

बाल न्याय यंत्रणा इथे फारशी फिरकत नाही. फलाटावर एकटे सापडलेले मूल 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. ही पोर आईबापांजवळच आहे. तिला उचलून बालगृहात ठेवणे हा उपाय नव्हे, आणखी एक संकट.

खरे उपाय सरकारनेच काढलेत, आणि ते बरे आहेत. हंगामी वसतिगृह योजनेत मूल गावातच राहते, जेवणाची सोय शाळेकडे. गेलेच, तर सोबत शिक्षण हमी कार्ड. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेने वर्गात बसवून घ्यायचे. बालरक्षक शिक्षक टोळी निघण्याआधी घरोघर जाऊन आजी-आजोबांना राजी करतात, हे तर कुठल्याही परिपत्रकापेक्षा मोलाचे.

मेख आहे तारखेत. वसतिगृहाला मंजुरी दिवाळीनंतर मिळाली, तर राहायचे कुणी? गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मंत्र्यांची समिती दरवर्षी आधी ठरवते. त्याच बैठकीत शिक्षण खात्याला एक खुर्ची द्यावी आणि वसतिगृहे हंगामाआधी पंधरा दिवस उघडावीत.