कॉम्प्रेसर पीएसआय बघून घेऊ नका, सीएफएम बघून घ्या



उसाचा हंगाम जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो : "सर, पिकअपवर कॉम्प्रेसर बसवून फिरती पंक्चर सेवा सुरू करायचीय, कोणता घेऊ?" मागच्या बॅचमधला एक पोरगा तर आईचं सोनं तारण ठेवून मशीन घ्यायला निघाला होता. त्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो, कारण ही चूक मी स्वतः पैसे देऊन केलेली आहे.

फलटण भागात माझं टायरचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी मी पिकअपवर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर बसवला. बॉक्सवर मोठ्या अक्षरात १५० पीएसआय. ट्रकच्या टायरला लागतात ११०, मग अजून काय पाहिजे, असं वाटलं. रात्री अकराला उसाच्या ट्रकचा कॉल आला. पंक्चर काढलं, हवा लावली आणि दहा मिनिटांत मशीन गरम होऊन बंद! थांबा, चालू करा, परत बंद. शेवटी ड्रायव्हरने दुसऱ्याला बोलावलं. त्या वाहतूकदाराच्या बाकीच्या गाड्याही तिकडेच गेल्या. बीबीए केलेला माणूस मी, पण साधा हिशोब केला नव्हता.

तो हिशोब असा. पीएसआय म्हणजे हवा किती दाबापर्यंत जाते. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती हवा मिळते. १ सीएफएम म्हणजे साधारण २८ लिटर. पिकअपच्या टायरमध्ये ५० लिटर जागा धरा. रिकाम्या टायरला ५० पीएसआय करायला १७० लिटरच्या आसपास हवा लागते. माझं मशीन २ सीएफएमचं, म्हणजे तीन मिनिटांचं काम. ट्रकच्या टायरला १५० लिटर जागा धरली तर ११० पीएसआयसाठी ११०० लिटरच्या वर हवा पाहिजे. तेच मशीन वीस मिनिटं सलग पळायला हवं, आणि दाब वाढला की सीएफएम कमी होतो तो वेगळाच. माझ्या मशीनची ड्युटी सायकल होती ३३ टक्के. म्हणजे दहा मिनिटं काम, वीस मिनिटं आराम. ते बंद पडणारच होतं!

मशीन खराब नव्हतं, माझी निवड चुकली. कार, रिक्षा, छोटा हत्ती एवढंच गिऱ्हाईक असेल तर १२ व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर पुरतो. फक्त इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. १२ व्होल्टवर १ एचपीची मोटर ६० अँपिअरच्या वर करंट ओढते. म्हणून जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. ट्रक करायचे असतील तर हौद्यात वेगळं पेट्रोल इंजिन आणि बेल्टवरचा कॉम्प्रेसर, निदान ८ सीएफएमचा. टायर पाच-सहा मिनिटांत होतो. नट खोलायची अर्धा इंची गनच ९० पीएसआयला ४-५ सीएफएम खाते, ट्रकची एक इंची गन त्याहून कितीतरी जास्त. असं इंजिन बंद शेडमध्ये कधीच चालवू नका, धूर जीव घेतो.

दुकानदार म्हणेल, "टाकी मोठी देतो." टाकी हवा साठवते, तयार करत नाही. आणि टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, रोज संध्याकाळी तळाचं पाणी काढायचं.

कोटेशन घेताना दोनच गोष्टी लेखी मागा : कामाच्या दाबाला मिळणारी हवा, म्हणजे एफएडी, आणि ड्युटी सायकल. कॅटलॉगमध्ये पिस्टन डिस्प्लेसमेंटचा आकडा मोठा दिसतो, त्याला भुलू नका. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

आता धंद्याचं बोलू. समजा फिटिंगसकट खर्च ९०,००० रुपये आणि एका कॉलमागे डिझेल, मजुरी जाऊन ३०० उरतात. म्हणजे पैसे सुटायला ३०० कॉल. हंगाम चार महिन्यांचा धरला तर रोज अडीच. तुमच्या रस्त्यावर रोज अडीच कॉल आहेत का? पंधरा दिवस वहीत लिहा. किती फोन आले, कोणती गाडी, किती लांब. मशीन ती वही ठरवेल, बॉक्सवरचा आकडा नाही.

त्या पोराने वही लिहिली. बहुतेक कॉल कार आणि छोट्या टेम्पोचे निघाले. त्याने १२ व्होल्टचाच घेतला, स्वतःच्या बचतीतून. आईचं सोनं घरातच राहिलं.

तुमच्या वहीत काय निघालं, ते मला नक्की कळवा.