मुळा-प्रवराची वीज आणि आमचे आकडे

नववीच्या वर्गाला मराठी शिकवताना 'सहकार' हा शब्द आला की माझी उदाहरणे ठरलेली असतात. साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था. मागच्या महिन्यात बोलता बोलता सांगून गेलो की महाराष्ट्रात एका भागात वीजसुद्धा सोसायटीची होती. खांब सोसायटीचे, तारा सोसायटीच्या, बिलही सोसायटीचेच. वर्गात हसू पिकले. आमच्या चंद्रपूरच्या मुलांना वीज म्हटले की ऊर्जानगरच्या उंच चिमण्या आठवतात. २,९२० मेगावॉटचे ते केंद्र सरकारी कंपनीचे, कोळसा वेकोलिचा, राख आणि धूर तेवढा आपला. विजेचे मालक गावकरी असू शकतात, ही गोष्ट त्यांना थापच वाटली.

मी ती वीज स्वतः वापरली आहे. बीएड झाल्यावर पहिली नोकरी लागली ती श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावात, उर्दू शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून. २००४ ते २००९ मी तिथे भाड्याच्या खोलीत राहिलो. वीजबिलावर नाव असायचे 'मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी'. घरमालक चाचा सोसायटीचे सभासद होते. शेअरचा कागद त्यांनी जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर कपाटात ठेवला होता.

ही सोसायटी आली कशी, हे आजच्या वाचकांना सांगायला हवे. १९६५ ते ६७ च्या दुष्काळांनंतर शेतीला पाणी हवे, पाण्याला पंप हवा आणि पंपाला वीज हवी, हे दिल्लीला पटले. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. खेड्यातली वीज सहकारी संस्थांनी सांभाळावी, हा प्रयोग देशात पाच ठिकाणी करायचे ठरले. महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, गुजरातेत कोडिनार, आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी आणि उत्तर प्रदेशात लखनौजवळची संस्था. नमुना अमेरिकेचा होता. तिथे तीसच्या दशकात दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती, कारण खासगी कंपन्यांना खेड्यात तार ओढणे परवडत नव्हते. रूझवेल्टच्या सरकारने १९३५ पासून कर्ज दिले आणि शेतकऱ्यांनीच सोसायट्या काढून तारा ओढल्या. त्या अजून चालतात, नऊशेच्या आसपास आहेत. त्याच अमेरिकन सोसायट्यांच्या संघाचे तज्ज्ञ इथेही सल्ला द्यायला आले होते. पुढे १९७७ पासून बांगलादेशाने हेच सूत्र घेतले आणि आज तिथल्या ८० पल्ली विद्युत समित्या खेड्यांना वीज देतात.

महाराष्ट्रातून निवड प्रवरेच्या खोऱ्याची झाली, यात आश्चर्य नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी साखर कारखाना तिथे १९५० पासून उभा होता. सोसायटी म्हणजे काय, हे त्या भागाला शिकवावे लागणार नव्हते. श्रीरामपूर, राहुरी, राहाता, नेवासा, संगमनेर या तालुक्यांतल्या पावणेदोनशेहून अधिक गावांत मुळा-प्रवराचे जाळे पसरले. संस्था मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि किरकोळीने सभासदांना द्यायची. विहिरींवर पंप बसले, उसाला पाणी मिळाले. पीठगिरण्या, थिएटरे, शाळा सगळे त्या तारेवर चालले. जुनी माणसे सांगायची की सुरुवातीची वर्षे खरोखर चांगली होती. तार तुटली तर लाइनमन त्याच दिवशी यायचा, कारण तो गावातलाच असायचा.

मग बिघडले कुठे? दोन उत्तरे कानावर पडतात, आणि दोन्हीकडचे लोक आपापले उत्तर पूर्ण समजतात. एक उत्तर असे की सरकारने संस्था मारली. यात तथ्य आहे. शेतीपंपाचे बिल मीटरवर न घेता हॉर्सपॉवरवर घ्यायचे, हे राज्याचे धोरण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आले. किती युनिट जळले याचा हिशेबच संपला. संस्थेने वीज घ्यायची कोणत्या भावाने आणि विकायची कोणत्या भावाने, हे दोन्ही वरून ठरायचे. त्यात मंडळाकडे मुंबई-पुण्याकडचे कारखाने होते. त्यांच्याकडून जास्त दर घेऊन मंडळ शेतकऱ्याला स्वस्त वीज देऊ शकत होते. मुळा-प्रवराकडे मुख्यतः पंप आणि घरे. श्रीमंत ग्राहकच नसेल तर गरिबाची सवलत कोणाच्या खिशातून काढणार?

दुसरे उत्तर असे की पुढाऱ्यांनी संस्था खाल्ली. गळती आणि चोरी प्रचंड होती, वसुली नव्हती, आणि सत्ता वर्षानुवर्षे त्याच वर्तुळात फिरत राहिली. थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे गेली. शेवटी परवान्याची मुदत संपली तेव्हा वीज नियामक आयोगाने तो भाग महावितरणकडे दिला आणि १ फेब्रुवारी २०११ पासून मुळा-प्रवराचा परिसर महावितरणचा झाला. खांब आणि तारा मात्र संस्थेच्या, म्हणून त्यांच्या वापराच्या मोबदल्याचा वाद न्यायालयापर्यंत गेला. कर्मचाऱ्यांचे हाल झाले ते वेगळेच.

माझे तिसरे उत्तर आहे आणि ते मला सांगायला लाज वाटते. भारनियमनाचे ते दिवस होते. लाइट असेल तेव्हा जमेल तितकी ओढायची, अशी सगळ्यांची वृत्ती झाली होती. चाचांच्या मळ्यात मोटरीला आकडा टाकलेला असायचा. मी एकदा विचारले, "चाचा, तुम्ही तर सभासद आहात." ते अगदी सहज म्हणाले, "इसलिए तो, सर. अपनी ही सोसायटी है. अपने घर में कोई चोरी होती है क्या?" मी हसलो आणि गप्प बसलो. गप्प बसण्याचे कारण होते. माझ्या खोलीचे मीटर बंद पडलेले होते, हिवाळ्यात हीटर आणि उन्हाळ्यात कूलर त्यावर चालायचा, आणि मी पाच वर्षांत एकदाही ते बदलून मागितले नाही. मी पाच वेळचा नमाजी, वर्गात मुलांना अमानत या शब्दाचा अर्थ समजावून सांगणारा मास्तर.

चाचांना 'आपली' या शब्दाचा अर्थ फुकट घेण्याचा हक्क असा कळला होता. हिशेब मागण्याचा हक्क असाही त्याचा अर्थ होतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही. वार्षिक सभेला ते कधी गेले का, असे मी विचारले होते. "नेत्यांची सभा असते ती," एवढेच म्हणाले. सरकारने गळा दाबला आणि नेत्यांनी मान धरली असे मानले, तरी पाय आम्हीच ओढत होतो. संस्था गेली त्या दिवशी गावात कोणी हळहळल्याचे मला नंतर फोनवर कोणी सांगितले नाही.

आमच्या लोकांनी हे वाचून श्रीरामपूरवाल्यांकडे बोट दाखवू नये. आपल्याकडच्या पतसंस्था, शाळेच्या कमिट्या, कब्रस्तानाचे ट्रस्ट यांचे काय चालले आहे ते आपण जाणतो. जुम्याला चौकात चार तास बोलतो, पण ताळेबंद वाचायला कोणी मागत नाही. मागितला तर 'याला काय दुखतंय' असे विचारले जाते.

पण मुळा-प्रवरा बुडाली म्हणून विजेचा सहकार खोटा, हे मला मान्य नाही. सिरोंच्याला गोदावरी ओलांडली की तेलंगणा लागते, आणि करीमनगरच्या पुढे सिरसिल्ला आहे. तिथली संस्था अजून वीज देते, २०२२ च्या डिसेंबरात संचालकांची निवडणूकसुद्धा झाली. बेळगाव जिल्ह्यातले हुक्केरीही चालू आहे. एकाच वर्षांत पेरलेली पाच रोपे, त्यातली काही जगली.

आता हा विषय आमच्या दारात आला आहे. राज्यात सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. त्यात जमीन भाड्याने घेऊन कंपन्या सौर प्रकल्प उभारतात, भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. वाईट नाही. पण गावाने जमीन द्यायची, भाडे मोजायचे आणि वीज दुसऱ्याची, हे चंद्रपूरला नवे आहे का? कोळशाच्या वेळी आपण हेच केले. २००३ च्या वीज कायद्यात ग्रामीण भागात पंचायती, वापरकर्त्यांचे संघ आणि सहकारी संस्थांनी वीज वाटप सांभाळण्याची तरतूद आहे. ती कोणी वापरायची म्हणतच नाही.

गडचिरोलीत ते करू शकणारी माणसे आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि बांबू ग्रामसभेने स्वतः विकला. नंतर अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः केले. मेंढ्यात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. एक माणूस जरी 'मला पटले नाही' म्हणाला तरी बैठक पुढे ढकलली जाते. शहरातल्या आम्हा शिकलेल्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मुळा-प्रवराच्या एखाद्या सभेत एका शेतकऱ्याने उठून 'माझ्या शेजारच्या आकड्याचे काय?' असे विचारले असते आणि सभा तिथेच थांबली असती, तर? अशा ग्रामसभेच्या हाती दोन-तीनशे किलोवॉटचा सौर प्रकल्प द्यावा, असे माझे मत आहे. भाड्याने जमीन घेऊन नव्हे, मालकीने. पहिल्या दिवसापासून प्रत्येक घराला आणि प्रत्येक पंपाला चालू मीटर, सवलत द्यायची तर सरकारने ती वेगळी आणि रोख द्यावी, मीटर काढून नव्हे.

वर्गातल्या एका मुलाने नंतर स्टाफरूमपाशी येऊन विचारले, "सर, तुम्ही मीटर बदलून का नाही मागितलं?" तो एटापल्लीकडचा आहे, इथे मामाकडे शिकायला राहतो. मी म्हणालो, "बिल वाढलं असतं." तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "मग मामाचं पण तेच." मामा आमच्याच जमातीच्या पतसंस्थेत संचालक आहेत. सभा पुढच्या रविवारी आहे, मी जाणार आहे. गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद लेखी मागणारा अर्ज काल देऊन आलो आहे, आणि पोच घेतली आहे.